हँडहेल्ड गेमिंग पीसी घेताय? आधी वॅटचा हिशोब शिका

दोन्ही बाजूंना स्टिक आणि बटणं, मधोमध सात-आठ इंची टचस्क्रीन आणि आत अख्खा कॉम्प्युटर. हँडहेल्ड गेमिंग पीसी म्हणजे हे. त्यावर विंडोज ११ किंवा स्टीमओएस चालतं, पीसीवरचे बहुतेक गेम चालतात आणि कीबोर्ड-माऊस जोडला की कॉलेजचा प्रोजेक्टही करता येतो. गड्ड्याच्या यात्रेत किंवा ऑनलाइन दीड-दोन हजारांत ‘४०० गेम’ म्हणून मिळतं ते खेळणं वेगळं. निन्टेंडो स्विचही वेगळा, कारण त्यावर फक्त त्याच्यासाठी बनवलेले गेम चालतात. प्लेस्टेशन पोर्टल तर स्वतः गेम चालवतच नाही, दुसरीकडे चाललेला गेम इंटरनेटवरून आणून दाखवतं. दुकानात विचारताना हा फरक डोक्यात पक्का हवा, कारण दिसायला ही सगळी यंत्रं भावंडंच.

हा लेख ज्यांनी असं यंत्र नुकतंच घेतलंय किंवा दिवाळीपर्यंत घ्यायचं म्हणून पैसे साठवताहेत, त्या सोलापूरकरांसाठी आहे. मला त्यांना एक गोष्ट मनापासून सांगायची आहे: या यंत्रावर सगळ्यात आधी ठरवायचे ते वॅट, म्हणजे चिपला किती वीज ओढू द्यायची. एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं), रिझोल्यूशन, ग्राफिक्स हे सगळं त्यानंतर. टेबलावरच्या पीसीला भिंतीतून हवी तेवढी वीज मिळते आणि आत मोठाले पंखे असतात. इथे मोजकी बॅटरी आहे, एक-दोन छोटे पंखे आहेत, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारची हवाच ४० अंशांच्या आसपास किंवा वर असते.

कोणता घ्यायचा

या प्रकाराला खरी लोकप्रियता दिली ती व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकने. तो फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, त्याची ओएलईडी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. नवख्या माणसाला सगळ्यात सोपा जाणारा हँडहेल्ड आजही तोच, असं माझं मत आहे. बटण दाबलं की झोपतो, पुन्हा दाबलं की गेम जिथे होता तिथून सुरू. पण व्हॉल्व्ह तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. इथे मिळतात ते बाहेरून आणलेले. विक्रेता स्वतःची वॉरंटी देतो म्हणतो, पण कंपनीची वॉरंटी आपल्याकडे कामाला येत नाही. पहिलंच यंत्र असेल तर मी हा धोका घेऊ नका असं सांगेन.

असुसचा आरओजी अ‍ॅलाय जुलै २०२३ मध्ये भारतात आला, झेड१ एक्स्ट्रीम चिपवाला, ६९,९९० रुपयांना. ७ इंची १०८०पी स्क्रीन, १२० हर्ट्झ, १६ जीबी रॅम, ४० वॅट-अवर बॅटरी. त्याचा पुढचा भाऊ अ‍ॅलाय एक्स, त्यात रॅम २४ जीबी आणि बॅटरी थेट ८० वॅट-अवर. लिनोव्होच्या लिजन गोची स्क्रीन ८.८ इंच आहे आणि बाजूचे कंट्रोलर काढता-लावता येतात. एमएसआयच्या पहिल्या क्लॉमध्ये इंटेलची चिप होती. भाव सारखे बदलतात, म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर बघा. तिथे ते मॉडेल असेल तर भारतातल्या वॉरंटीची चौकशी करायला आधार मिळतो.

जाहिरातीत चिपचं नाव मोठं लिहिलेलं असतं. तुम्ही दोन आकडे बघा: बॅटरी किती वॅट-अवर आणि वजन किती ग्रॅम. आरओजी अ‍ॅलाय ६०८ ग्रॅम, स्टीम डेक ओएलईडी ६४० च्या आसपास, अ‍ॅलाय एक्स ६७८, लिजन गो कंट्रोलरसकट ८५४. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण अर्ध्या तासाने मनगट सांगतं. शक्य असेल तर कुणाचा तरी हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

नव्या पेठेतल्या दुकानातून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, जीएसटीचं पक्कं बिल हवंच. बिलावरचा सिरियल नंबर, खोक्यावरचा आणि यंत्राच्या पाठीवरचा, तिन्ही जुळवून पाहा. बिघाड झाला तर यंत्र दुरुस्तीला कुठे जातं, घरून नेतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. वापरलेला घेत असाल तर विक्रेत्याकडून विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून घ्या. मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता, दोन्ही त्यात दिसतात. स्टिक मोकळ्या सोडल्यावर गेममधला माणूस आपोआप चालायला लागला तर तो सौदा सोडा.

पहिल्या संध्याकाळी गेम नको

खोकं उघडल्यावर लगेच खेळायचा मोह होतो, पण ती संध्याकाळ यंत्राला द्या. खाली विंडोजवाल्या यंत्राची वाट सांगतोय, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तेच येणार.

यंत्रासोबत आलेला चार्जर लावा आणि शेवटपर्यंत लावूनच ठेवा. सुरू केल्यावर विंडोज वाय-फाय आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागेल. खातं आधीच मोबाइलवर उघडून पासवर्ड लिहून ठेवला तर छोट्या स्क्रीनवरच्या कीबोर्डशी झटापट होत नाही. आत गेलात की सेटिंग्जमधलं विंडोज अपडेट. एकदा झालं की रीस्टार्ट, मग पुन्हा तपासा. दोन-तीन फेऱ्या होतात. ‘आणखी काही उरलं नाही’ असं तो स्वतः म्हणेपर्यंत थांबायचं.

मग कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप: असुसचं आर्मरी क्रेट, लिनोव्होचं लिजन स्पेस, एमएसआयचं सेंटर एम. हे नंतर रोज लागणार, कारण वॅट इथूनच बदलतात. अ‍ॅप अपडेट करा, त्यातून ग्राफिक्स ड्रायव्हर आणि बायोसचे (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट घ्या. बायोसचा अपडेट चालू असताना स्क्रीन काही वेळ काळी पडू शकते. चार्जर काढायचा नाही, पॉवर बटण दाबायचं नाही, स्वस्थ बसायचं. या वेळात लाइट गेली तर यंत्र बॅटरीवर तग धरतं, पण राउटर बंद पडतो आणि चालू डाउनलोड अडकतं. लाइटचा भरवसा नसलेल्या भागात राहत असाल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. हँडहेल्डसाठी घेण्याची पहिली जोडवस्तू कोणती असं विचारलं तर मी हीच सांगेन, कव्हर आणि स्टिकर नंतर.

पुढचं काम कुणी सांगत नाही पण फार उपयोगी आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन पॉवर बटण दाबल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ होईल असं करा. स्लीपमध्ये विंडोज अधूनमधून जागं होतं, बॅगेत गरम होतं आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते. हायबरनेटमध्ये सगळं एसएसडीवर उतरवून यंत्र पूर्ण बंद होतं. सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढा सोसा.

शेवटी स्टीम, म्हणजे व्हॉल्व्हचं गेमचं ऑनलाइन दुकान, टाका. एपिक आणि इतर दुकानांचे लाँचर (गेम उतरवून सुरू करणारे अ‍ॅप) हवे तेव्हा टाका, पण टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत जाऊन ते विंडोजबरोबर आपोआप सुरू होणार नाहीत असं करा. मागे बसून राहिलेला प्रत्येक लाँचर रॅमही खातो आणि वॅटही.

डाउनलोडचा अंदाज असा: १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर सेकंदाला १२.५ एमबी उतरतात, म्हणजे ६० जीबीच्या गेमला साधारण ८० मिनिटं. रात्री लावून झोपा. घरातल्या किंवा हॉस्टेलवरच्या दुसऱ्या पीसीवर तोच गेम स्टीममध्ये असेल तर इंटरनेट वापरायचीही गरज नाही. फेब्रुवारी २०२३ पासून स्टीम एकाच वाय-फायवरच्या दोन यंत्रांत गेम कॉपी करू देतं. सेटिंग्जमधल्या डाउनलोड्समध्ये तो पर्याय आहे. गेम तुमच्या खात्यात मात्र असायला हवा.

वॅटचा हिशोब

आता मुख्य गोष्ट. बॅटरीवर लिहिलेला वॅट-अवरचा आकडा म्हणजे तुमची शिल्लक. यंत्र जेवढे वॅट ओढतं त्याने त्या आकड्याला भागलं की तास मिळतात. मूळ आरओजी अ‍ॅलायमध्ये चिपसाठी तीन मोड दिले होते: सायलेंट १० वॅट, परफॉर्मन्स १५, टर्बो २५, आणि चार्जर लावल्यावर टर्बो ३०. हा झाला फक्त चिपचा खर्च. स्क्रीन, एसएसडी, वाय-फाय आणि पंखा मिळून आणखी साधारण सहा वॅट धरा.

म्हणजे ४० वॅट-अवरच्या बॅटरीवर १० वॅटचा मोड लावला तर एकूण १६ वॅट, अडीच तास. १५ च्या मोडवर २१ वॅट, दोन तासांना थोडं कमी. २५ वर ३१ वॅट, सव्वा तास. ८० वॅट-अवरची बॅटरी असेल तर हेच आकडे दुप्पट. ‘बॅटरी फार लवकर संपते’ म्हणून ज्यांची तक्रार असते त्यांना मी आधी विचारतो, मोड कोणता आहे? उत्तर बहुतेक वेळा टर्बो असतं.

वॅट वाढवले तसा खेळ तेवढाच सुधारतो असंही नाही. १५ वरून २५ वर गेलात तर चिपचा खर्च दोन तृतीयांशाने वाढतो, पण एफपीएस त्या प्रमाणात वाढत नाहीत. वरचे वॅट मोठ्या प्रमाणात उष्णतेतच जातात. म्हणून कोणताही नवा गेम लावला की मी हा क्रम धरतो.

आधी मोड. स्टारड्यू व्हॅली, होलो नाइट, हेडीससारखे गेम १० वॅटवर मजेत चालतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ १५ वर लावून बघा. भिंती, वाडे, देवदेवता आपल्या ओळखीच्या असलेला गेम हातातल्या स्क्रीनवर खेळायचं सुख वेगळं आहे. सायबरपंक २०७७ सारखा वजनदार गेम असेल तरीही सुरुवात १५ नेच करा. त्याच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘स्टीम डेक’ नावाची तयार सेटिंगच आहे, तुमचं यंत्र दुसरं असलं तरी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

मग एफपीएसला मर्यादा. ही पायरी लोक टाळतात आणि इथेच सगळ्यात जास्त वाचतं. मर्यादा नसेल तर साध्या मेनूच्या पडद्यावरही चिप जीव तोडून शंभराच्या वर चित्रं काढत बसते. मर्यादा ६० ची ठेवा, आणि जड गेमला ४०. चाळीस का, तर ३० एफपीएसवर एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० वर १६.७, आणि ४० वर २५. म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या वेळेच्या हिशोबात ४० हा ३० आणि ६० च्या बरोबर मध्यावर येतो, खर्च मात्र ६० पेक्षा पुष्कळ कमी. शिवाय १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनमध्ये ४० चा भाग तीनदा पूर्ण जातो, त्यामुळे हलतं चित्र अडखळत नाही. स्टीम डेक ओएलईडीसारखी ९० हर्ट्झची स्क्रीन असेल तर त्याच कारणाने ४५ ठेवा.

त्यानंतर रिझोल्यूशन. सात इंचांवर ७२०पी आणि १०८०पी यांतला फरक वाटतो त्यापेक्षा कमी आहे. गेममध्ये एएमडीचा एफएसआर पर्याय असेल तर तो ‘क्वालिटी’वर लावा. गेम आतून लहान चित्र काढतो आणि ते मोठं करून दाखवतो.

आणि सगळ्यात शेवटी ग्राफिक्सची बारीक सेटिंग. सावल्या आणि प्रतिबिंबं आधी कमी करा, ती महाग असतात. टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, शक्यतो मध्यम ठेवा. या यंत्रात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, १६ जीबी रॅममधूनच ग्राफिक्सचा वाटा निघतो. टेक्श्चर फार वर नेले तर तो वाटा भरतो आणि गेम धक्के खायला लागतो.

हे करताना कंपनीच्या अ‍ॅपमधला मॉनिटर स्क्रीनच्या कोपऱ्यात चालू ठेवा. वॅट, तापमान, एफपीएस तिन्ही समोर दिसले की दोन-चार गेमनंतर अंदाज आपोआप येतो. मग मॉनिटर बंद करा आणि खेळा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. व्हॅलोरंट पीसीवर कंट्रोलरने खेळता येत नाही, कीबोर्ड-माऊस लागतोच. स्टीमओएसवर तर तो चालतच नाही, फोर्टनाइटही नाही, कारण खेळातली लबाडी पकडणाऱ्या त्यांच्या प्रणाली लिनक्सवर (स्टीमओएस त्यावरच बनलंय) चालू दिलेल्या नाहीत. मित्रांबरोबर हेच खेळायचं असेल तर हँडहेल्डऐवजी त्याच पैशात लॅपटॉप बघा. हे सांगितल्यावर काहीजण नाराज होतात, पण घेतल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

सोलापूरचा उन्हाळा आणि हे यंत्र

जुलै २०२२ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा व्हॉल्व्हने स्टीम डेकबद्दल जाहीर सांगितलं होतं: हवेचं तापमान ० ते ३५ अंश असताना तो उत्तम चालतो, त्याची चिप १०० अंशांना वेग कमी करायला लागते आणि १०५ ला यंत्र बंद होतं. आपल्याकडे मेमध्ये पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीही ३५ अंश असू शकतात. आकडे स्टीम डेकचे असले तरी मुद्दा सगळ्या यंत्रांना लागू आहे.

म्हणून उन्हाळ्यात दुपारी १० ते १५ वॅटच्या वर जाऊ नका. जड गेम रात्री किंवा पहाटे खेळा. हवा आत घेणारी जाळी यंत्राच्या पाठीला असते आणि गरम हवा वरून बाहेर पडते. गादीवर सोलापुरी चादर पसरून तिच्यावर यंत्र टेकवून खेळलं की पाठीची जाळी पूर्ण बुजते. टेकवायचंच असेल तर स्टँड घ्या, नाहीतर खाली पाट ठेवा. कूलरच्या अगदी तोंडासमोरही बसू नका, ती हवा ओली असते आणि पंखा तीच आत ओढतो. सीलिंग फॅन उत्तम.

चार्जिंग आणि जड गेम दोन्ही एकाच वेळी, तेही दुपारी, हे बॅटरीला सगळ्यात वाईट. घरी बहुतेक वेळ चार्जर लावूनच खेळत असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय चालू करा, बहुतेक कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये ती असते. उन्हात उभ्या गाडीत यंत्र कधीच ठेवू नका, पाच मिनिटांचं काम असलं तरी सोबत न्या.

आपली धूळ कोरडी आणि बारीक. महिन्यातून एकदा यंत्र बंद करून मऊ ब्रशने जाळी झाडा. स्क्रीन पुसायला टॉवेल नको, घरात सोलापुरी टेरी टॉवेलांची रास असली तरी. त्याचे तंतू स्टिकच्या फटीत जातात. चष्म्याचं कापड वापरा. आणि शेंगा चटणीच्या हाताने बटणांना हात लावू नका, तेल बटणांखाली जाऊन बसतं.

मेमरी कार्डाबद्दल थोडं. मूळ आरओजी अ‍ॅलायमध्ये यंत्र फार तापलं की कार्ड रीडर बिघडू शकतो, हे असुसनेच २०२३ मध्ये मान्य केलं होतं. त्या मॉडेलवर मोठे गेम आतल्या एसएसडीवरच ठेवा. बाकी यंत्रांवर जुने, हलके गेम कार्डावर चालतात. कार्ड ओळखीच्या दुकानातून आणि बिलावर घ्या, नकली कार्डं खूप आहेत.

गेम विकत घेताना

स्टीमवर भाव रुपयांत असतात आणि सेलमध्ये बरेच उतरतात, त्यामुळे नवा गेम आल्या आल्या घेण्याची घाई नको. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. हँडहेल्डवाल्यांसाठी ही सोय सोन्यासारखी आहे: गेम घ्या, १५ वॅटवर तासभर खेळून बघा, नीट चालत नसेल तर परत करा. एपिकच्या दुकानात दर आठवड्याला फुकट गेम मिळतो, खातं उघडून तो घेत राहा. स्टीमवर गेमच्या पानावर स्टीम डेकसाठीचा शेराही असतो. ‘व्हेरिफाइड’ असेल तर छोट्या स्क्रीनवर अक्षरं वाचता येतात आणि कंट्रोलर नीट चालतो, असा अंदाज इतर यंत्रांसाठीही धरायला हरकत नाही. फुकटातले क्रॅक केलेले गेम टाकू नका. याच यंत्रावर तुमचं मेल आणि बँकेचं काम होणार आहे.

टीव्हीला जोडायचं तर

एचडीएमआय आणि पॉवर डिलिव्हरी (पीडी) दोन्ही असलेला यूएसबी-सी हब घ्या. चार्जर हबला, हब यंत्राला, केबल टीव्हीला. इथे भिंतीची वीज आहे, त्यामुळे टर्बो खुशाल लावा.

हुतात्मा एक्सप्रेसमध्ये

सोलापूरहून पुण्यापर्यंत साधारण चार तास, आणि ४० वॅट-अवरची बॅटरी १० वॅटवर अडीच तास. उरलेल्या वेळासाठी पॉवर बँक लागते. डब्यातल्या सॉकेटवर विसंबू नका. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॅट-अवर. वाटेत काही वाया जातं, तरी अशी बॅटरी एकदा पूर्ण भरून वर थोडं उरतं. बँकेवर ‘पीडी’ आणि ४५ किंवा ६५ वॅट लिहिलेलं असायला हवं. १८ वॅटची मोबाइलची बँक लावली तर यंत्र ती एकतर घेत नाही किंवा घेऊनही बॅटरी उतरतच राहते. हब आणि बँक दोन्हींसोबत केबलही तेवढ्या वॅटची घ्या.

आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर गेमचे अपडेट पूर्ण करा, प्रवासात खेळायचा प्रत्येक गेम एकदा उघडून पाहा आणि मग स्टीमच्या मेनूतून ‘गो ऑफलाइन’ करा. पहिल्यांदा उघडल्यावर बरेच गेम काहीतरी इंटरनेटवरून आणतात, आणि कुर्डुवाडीच्या आसपास मोबाइलच्या रेंजवर ते काम होईलच असं नाही. गाडीत बसल्यावर वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद, स्क्रीनचा उजेड अर्ध्यावर, आवाज तारेच्या हेडफोनमधून.